मणक्याचं ऑपरेशन ठरलंय? आधी पाण्याचा दिवस बघा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी हिशेब लिहितो. डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ जायची, ती आठ महिने अंगावर काढली. शेवटी एल४-एल५, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली सरकलेली गादी काढायचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून कारखान्यातलं, गल्लीतलं, पाहुण्यांतलं कुणी ना कुणी एमआरआयची पिशवी काखेत मारून घरी येतं. "दाजी, तुम्ही कसं काय केलं होतं सगळं?" दर वेळी तेच सांगतो आणि दर वेळी काहीतरी राहून जातं. म्हणून एकदा सगळं लिहून काढलं.

ऑपरेशन दोनेक तासांचं, आणि ते डॉक्टर करतात. पुढचे दोन-तीन महिने मात्र आपल्यालाच काढायचे असतात, घरात आणि कामाच्या ठिकाणी. मी तयारी केली ती सगळी दवाखान्याची. फाईल लावली, पैसे जमवले, थर्मास घेतला. घराकडं बघितलंच नाही. डिस्चार्ज मिळून घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला नळ आला. चार-पाच दिवसांआड येणारं पाणी म्हणजे आमच्याकडं घरातल्या सगळ्यांची हजेरी असते. बायको एकटी पाईप घेऊन बॅरल, टाकी, घागरी करत होती. मला पडून राहवेना. उठलो आणि फक्त एक बादली, तीही अर्धीच, उचलून बाजूला ठेवली. पुढचे तीन दिवस कूस बदलताना डोळ्यांतून पाणी येत होतं. डॉक्टर जे बोलले ते इथं लिहीत नाही.

ऑपरेशन लागतंय का, हे आधी

गादी सरकली म्हणजे ऑपरेशन, असं गणित नाही. नस दबून पायात येणारी कळ पुष्कळ जणांची दीड ते तीन महिन्यांत औषधं, बेताची हालचाल आणि फिजिओथेरपीवर उतरते. बाहेर आलेला गादीचा तुकडा बऱ्याचदा शरीरच हळूहळू जिरवून टाकतं. रिपोर्टातले शब्द वाचूनही घाबरू नका. चाळिशी उलटलेल्या, काही एक त्रास नसलेल्या माणसाचा एमआरआय काढला तरी त्यात झिजलेली, फुगलेली गादी सापडते. रिपोर्ट आणि तुमचा त्रास जुळतो का, हे महत्त्वाचं.

थांबायचं नाही अशाही काही गोष्टी आहेत. लघवी अडली किंवा झालेली कळेनाशी झाली, संडासवरचा ताबा गेला, दोन्ही मांड्यांच्या मधली बसायची जागा बधिर पडली, किंवा पाऊल वर उचलेना आणि चालताना चप्पल पायातून निसटायला लागली, तर सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या दवाखान्यात जा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. असल्या वेळी तासांना किंमत असते.

पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या माणसाचा पाय लावून घेणं, लचक काढणाऱ्याकडून कमरेला हिसका मारून घेणं, हे आपल्याकडं सर्रास चालतं. माझ्याही पाठीला दोन पायाळूंचे पाय लागलेत, आईच्या समाधानासाठी. नुसता पाय लावला तर काही बिघडत नाही. हिसका मात्र कुणालाही मारू देऊ नका. आणि "मणक्याचं ऑपरेशन केलं की माणूस आडवाच पडतो" असं सांगणारे भेटतील, त्यांना विचारा, कुणाचं, कधी, कसलं ऑपरेशन. बहुतेक वेळा ती गोष्ट कुणाच्या तरी मावस सासऱ्याची आणि तीस वर्षांपूर्वीची निघते.

ऑपरेशन एक नाही, दोन-तीन प्रकारचं असतं. नुसता गादीचा सरकलेला तुकडा काढायचा, नसेवर चढलेलं हाड कमी करून तिला जागा मोकळी करायची, की स्क्रू-सळ्या घालून दोन मणके एकमेकांत जोडायचे, हे नीट विचारून घ्या. खर्च, दवाखान्यातले दिवस आणि रजा, तिन्ही यावर ठरतं. डॉक्टरांसमोर बसलं की डोकं रिकामं होतं, म्हणून प्रश्न कागदावर लिहून न्या. मी हे विचारले होते: कुठल्या मणक्याचं? नाही केलं तर काय होईल? पायाची कळ जाईल का, आणि कंबरदुखीचं काय? (पायाची कळ लवकर जाते, कंबरदुखी जाईलच असं नाही, आणि बधिरपणा, अशक्तपणा भरून यायला महिने लागतात. हे आधी माहीत असलं म्हणजे नंतर "ऑपरेशन फेल गेलं" असं वाटत नाही.) तुकडा परत सरकू शकतो का? तर हो, काहींचा सरकतो.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला लाजू नका. पहिले डॉक्टर रागावतील ही भीती आपल्या मनातच जास्त असते.

सोलापुरात की पुण्यात

नेहमीची मणक्याची ऑपरेशनं सोलापुरात होतात. खासगीत होतात, सहकारी रुग्णालयांत होतात. सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, तिथंही दाखवता येतं. पुण्याला जाणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो: परत कसे येणार? अडीचशे किलोमीटर आहे. पाठीला टाके असताना गाडीत सलग चार-पाच तास बसणं म्हणजे शिक्षा. जायचंच असेल तर पुढची सीट मागं कलती करा आणि तासाच्या आत गाडी थांबवून पाच मिनिटं चाला. भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ, अशी ठिकाणं आधीच ठरवून ठेवा, नाहीतर चालवणारा "आता आलंच की सोलापूर" म्हणत रेटतो. रेल्वेनं येणार असाल तर खालचा बर्थ. टाके काढायला, दाखवायला परत जावं लागणार, तो खर्चही आत्ताच धरा.

तारीख पुढं-मागं करता येण्यासारखी असेल तर एप्रिल-मे टाळा. चाळिशीपार उन्हात कमरेला पट्टा बांधून बसलं की घामोळं उठतं आणि जखमेजवळ घाम साचतो. घर होम मैदानाच्या बाजूला असेल तर संक्रांतीचे गड्ड्याच्या यात्रेचे दिवसही नकोत. गर्दीत आणि बंद रस्त्यांत रिक्षा दारापर्यंत येत नाही.

पैशाची सोय

सगळ्यात आधी शिधापत्रिका आणि आधार कार्डावरची नावं जुळतात का बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आपल्याला नवी नाही. २०१२ साली ती जीवनदायी या नावानं सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं. आता कुटुंबामागं वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण प्रत्येक दवाखाना त्यात नसतो आणि असलेल्या दवाखान्यातही प्रत्येक ऑपरेशन बसत नाही. म्हणून ओपीडीत डॉक्टरांना भेटलात की तसेच खाली आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या, टेबलाशी जा आणि ऑपरेशनचं नाव सांगून विचारा. फोनवर विचारायचं तर १५५३८८. मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते. आधी पैसे भरून नंतर योजनेत बसवू, असं होत नाही.

कारखान्यात कामाला असाल आणि पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर तुमचं ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कापलं जात असणार. पगाराच्या चिठ्ठीवर बघा. कापलं जात असेल तर उपचाराचा खर्च आहेच, शिवाय आजारपणाच्या रजेत सरासरी पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. हे पैसे आपोआप येत नाहीत. ईएसआयच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट वेळच्या वेळी घ्यावं लागतं आणि खंड पडू द्यायचा नसतो. बँक खातं जोडलेलं आहे का, तेही आधीच तपासा. मी दर महिन्याला हे चलन भरतो, आणि तरी आमच्या कारखान्यातल्या निम्म्या लोकांना आपला विमा नंबर माहीत नसतो.

मेडिक्लेम असेल तर पॉलिसीचा कागद काढा आणि दोन ओळी शोधा. पहिली, मणक्याच्या गादीच्या आजारासाठी वाट बघायचा काळ. पुष्कळ पॉलिसींत तो दोन वर्षांचा असतो. दुसरी, खोलीच्या भाड्याची मर्यादा. मी इथं फसलो. मर्यादा ३,००० ची होती, मी ४,५०० ची खोली घेतली. म्हटलं, वरचे दीड हजार आपण भरू. तसं नसतं. कंपनीनं त्याच प्रमाणात सर्जनची फी, भूल, थिएटर, सगळ्यातलं कापलं. हिशेबनीस असून वाचलं नव्हतं. बायको अजून बोलून दाखवते.

यातलं काहीच नसेल, मागावर कापडाच्या हिशेबानं किंवा हजार विड्यांच्या हिशेबानं मजुरी मिळत असेल, तर रजा म्हणजे सरळ बिनपगारी. भिशी असेल तर आपला नंबर आधी घेता येतो का विचारा. बचत गटाचा, बँकेचा हप्ता असेल तर चुकायच्या आधी जाऊन बोला. थकल्यावर बोलण्यापेक्षा आधी बोललेलं बँकेलाही बरं वाटतं. उचल घेताना ती किती आठवड्यांत फिटणार हे मालकांशी ठरवूनच घ्या, नाहीतर ती फेडायच्या नादात माणूस सहाव्या आठवड्यात मागावर उभा राहतो.

रजा मागताना

"पंधरा दिवसांत येतो" असं म्हणू नका. मी म्हणालो होतो. मग पंधराव्या दिवसापासून रोज फोन.

नुसता तुकडा काढला असेल तर बसून काम करणारा साधारण दोन ते सहा आठवड्यांत परततो. जड काम असेल तर दोन-तीन महिने धरा. स्क्रू घातले असतील तर बसकं कामही दीड-तीन महिने लांबतं, आणि ओझ्याचं काम सहा महिन्यांपर्यंत. हे आकडे ढोबळ आहेत, तुमचे तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. मात्र विचारताना "कामावर कधी जाऊ?" एवढंच विचारू नका. काम काय करता ते सांगा. आमच्या जॉबरनं, म्हणजे माग लावणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिरानं, सांगितलं, "कारखान्यात आहे." डॉक्टरांना वाटलं सुपरवायझर असेल. त्याच्या कामात दिवसातून चार वेळा बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला जड रूळ, मागावर चढवायला हात लावावा लागतो, हे तिसऱ्या भेटीत निघालं.

अर्ज लेखी द्या, निदान व्हॉट्सॲपवर तरी. "अंदाजे अमुक आठवडे, डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार वाढण्याची शक्यता" हे शब्द त्यात असू द्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. कारखान्यात असाल तर भरपगारी रजा किती साठलीय ते विचारा. वीस दिवसांच्या हजेरीमागं एक दिवस असा तिचा हिशेब असतो. सरकारी नोकरांना अर्धवेतनी रजा वर्षाला वीस दिवस साठत जाते आणि वैद्यकीय दाखल्यावर ती परिवर्तित करून पूर्ण पगार घेता येतो, फक्त शिल्लक दुप्पट कापली जाते. झेडपीतल्या माझ्या मेहुण्याला हे हेडक्लार्कनं सांगितलं, तोही निवृत्तीला आलेला असताना.

आता काम सोपवणं. माझ्या धंद्यात कर आणि वर्गण्या भरायच्या तारखाच सगळं ठरवतात: ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला जीएसटीआर-३बी. म्हणून डॉक्टरांनी दोन तारखा दिल्या तेव्हा मी २२ घेतली, म्हणजे पुढची तारीख येईपर्यंत पंधरा दिवस निवांत. तुमच्या कामालाही असं एखादं भरती-ओहोटीचं वेळापत्रक असतं, ते बघूनच तारीख घ्या. एक दोनशे पानी वही केली. डाव्या पानावर काम, उजव्या पानावर ते कसं करायचं आणि अडलं तर कुणाला विचारायचं. सुताच्या व्यापाऱ्यांची कुठली बिलं उशिरा येतात, कुणाला फोन केल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, हेसुद्धा लिहिलं. कपाटाच्या किल्ल्या दोघांच्या साक्षीनं दिल्या. ओटीपी माझ्या मोबाईलवर येत होते, ते नंबर बदलून घ्यायचं राहिलं. त्यामुळं भूल उतरून शुद्धीवर येतोय तोच मेहुण्याच्या हातातला माझा फोन वाजला, "साहेबांना ओटीपी विचारा की जरा." तेवढं विसरू नका.

फोनची वेळ ठरवून द्या. मी संध्याकाळी पाच ते साडेपाच दिली होती. मालकांनी पाळली, बाकीच्यांनी नाही पाळली.

अंगाची तयारी

तपासण्या दवाखाना सांगेल त्या करा: रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, वय किंवा हृदयाचा त्रास असेल तर टूडी इको, आणि भूलतज्ज्ञांची भेट. या भेटीत काही लपवायचं नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या, साखरेच्या, बीपीच्या, वैद्यांचा काढा, कुणी दिलेलं भस्म, सगळं पिशवीत घालून घेऊन जा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या काही दिवस आधी थांबवतात, साखरेच्या काही गोळ्याही दोन-तीन दिवस आधी बंद करतात. पण कधी आणि कुठली, ते डॉक्टर सांगणार. आपल्या मनानं बंद करायची नाही आणि आपल्या मनानं चालूही ठेवायची नाही. दाढ किडून ठणकतेय, अंगावर गळू आलंय, लघवीला जळजळ आहे, हेही सांगा. अंगात कुठंही पू असेल तर तो मणक्यात उतरायची भीती असते.

मावा, गुटखा, बिडी, मशेरी. ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी बंद, आणि नंतर हाड जुळेपर्यंत बंद. तंबाखूतल्या निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरायला वेळ लागतो, आणि स्क्रू घालून जोडलेले मणके न जुळायची भीती वाढते. बायका मशेरीला तंबाखू धरत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी "तंबाखू खाता का?" विचारलं की "नाही" म्हणतात. मशेरी म्हणजे तंबाखूच.

ओंडक्यासारखं वळायची सवय आधीच करा. ऑपरेशननंतर पाठीला पीळ देऊन उठता येत नाही. उताणे झोपलात की गुडघे दुमडा. खांदा, कंबर, गुडघे, तिन्ही एकाच वेळी एका कुशीवर वळू द्या, मध्ये दांडा घातल्यासारखे. मग पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडा, आणि ते खाली जात असतानाच खालच्या हाताच्या कोपरानं आणि वरच्या हाताच्या तळव्यानं अंग वर रेटा. पायाचं वजनच तुम्हाला उचलतं. झोपताना हेच उलट्या क्रमानं. मला फिजिओथेरपिस्ट ताईंनी आठवडाभर रोज दहा वेळा करायला लावलं होतं. पोरं हसायची. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरचे काका उठताना ओरडत होते आणि मी उठून बसलो होतो, तेव्हा ताईंची आठवण झाली.

घर

एक दिवस काढा आणि घरात फिरून बघा, आपण कुठं कुठं वाकतो. मी मोजलं. सकाळी उठल्यापासून अंघोळीपर्यंत एकोणीस वेळा.

पाणी. कोण भरणार, हे नावासकट ठरवा. नळाला लांब पाईप जोडून थेट बॅरलमध्ये सोडता आला तर घागरी उचलायचा प्रश्नच मिटतो. बॅरलमधून काढायला बादली नको, तांब्या ठेवा. अंघोळीची बादली जमिनीवर नको, प्लॅस्टिकच्या स्टुलावर ठेवा, आणि दुसऱ्या स्टुलावर तुम्ही. टाके ओले करायला परवानगी मिळेपर्यंत अंग पुसूनच घ्यायचं आहे. मोरी घासून घ्या, शेवाळ असेल तर खरवडून काढा.

संडास. देशी पद्धतीचा असेल तर उकिडवं बसणं पहिले काही आठवडे बंद. भांड्यावर मांडायची कमोड खुर्ची सर्जिकल दुकानात मिळते, भाड्यानंही मिळते. ऑपरेशनच्या आधी आणून एकदा बसून बघा. आमच्या संडासाचं दार आत उघडत होतं, खुर्ची मांडली की ते लागेना. शेवटी पडदा लावला. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट घट्ट होतं आणि कुंथणं पाठीला बाधतं. म्हणून पाणी भरपूर, इसबगोल डॉक्टरांना विचारून, आणि कडक भाकरी नुसती चावण्यापेक्षा आमटीत चुरून.

झोपायला खाली अंथरूण नको. "मणक्याला जमीन चांगली" असं म्हणतात, पण जमिनीवरून उठणं म्हणजे डोंगर. फळीचा पलंग आणि त्यावर कापसाची घट्ट गादी पुरते. पलंग एवढा उंच हवा की कडेला बसल्यावर पावलं जमिनीला टेकतील आणि गुडघे कमरेपेक्षा वर येणार नाहीत. सोफा विसरा. हात असलेली सरळ पाठीची खुर्ची बघा, लग्नाच्या मांडवात असते तसली प्लॅस्टिकचीही चालेल, पण डुगडुगणारी नको. जेवण टेबलावर. देवपूजा, नमाज, जे असेल ते खुर्चीत बसून. वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करायचा राहिला तर ते रागावणार नाहीत.

मोबाईलचा चार्जर, गोळ्या, पाण्याची बाटली, चष्मा, सगळं कंबर आणि छातीच्या मधल्या उंचीवर. खाली पडलेलं उचलायला मी चपाती भाजायचा लांब चिमटा खाटेला दोरीनं बांधून ठेवला होता. रुमाल, पेन, टीव्हीचा रिमोट त्यात बरोबर येतो. नाणं येत नाही.

आता घरातल्या बाईचं ऑपरेशन असेल तर. आमच्या शेजारी एक अक्का आहेत, शहराच्या पूर्वभागातल्या. मांडीवर सूप घेऊन तीस वर्षं विड्या वळल्या. त्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा कंपनीत बदली बाई मिळाली, स्वयंपाकघरात मिळाली नाही. पाचव्या दिवशी त्या जमिनीवरच्या गॅसपुढं बसून भाकऱ्या थापत होत्या. "कोण करणार हो, सून नोकरीला जातीय." टाके पिकले, परत दवाखाना. म्हणून तयारीच्या वहीत पहिलं पान हे लिहा: सहा आठवडे स्वयंपाक, धुणं, भांडी कोण करणार. नाव लिहा, "बघू काहीतरी" लिहू नका. शेगडी ओट्यावर घ्या. जवळच्या भाकरी केंद्रात रोजच्या भाकऱ्या सांगून ठेवा, सोलापुरात तेवढी सोय आहे. आणि नवऱ्यानं आधी दोन आठवडे कुकर लावायचा सराव करावा.

भरती व्हायचा दिवस

यात फारसं काही नाही. सांगितलेल्या वेळेपासून पोट रिकामं ठेवा. जेवण साधारण सहा तास आधी बंद आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, पण दवाखाना सांगेल तेच खरं. पाठीवरचे केस घरी काढू नका, बारीक कापल्यातून जंतू जातात. दागिने, जोडवी, कवळी घरी ठेवा. सगळे जुने एक्स-रे, एमआरआयच्या फिल्मा तारखेनुसार लावून न्या. मागं पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल आणि पुढून उघडणारा शर्ट किंवा गाऊन. संमतीपत्र वाचूनच सही करा. सोबत दोन माणसं हवीत, एक खाटेजवळ आणि एक औषधं, बिलं, रक्त यासाठी पळायला.

घरी आल्यावर

चालणं हेच औषध. बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी उभं करतात. घरी आल्यावर पाच-पाच मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा, मग रोज थोडं वाढवत. बसणं मात्र वीस-पंचवीस मिनिटांच्या वर नको. वाकणं, पीळ देणं, उचलणं बंद. दोन लिटरच्या बाटलीपेक्षा जड काही नको, आणि नातवंड कितीही रडलं तरी त्याला खाटेवर चढवून मग जवळ घ्या. नवरा-बायकोच्या संबंधांबद्दलही डॉक्टरांना सरळ विचारा, त्यांना नवं नसतं.

भेटायला येणाऱ्यांचा बंदोबस्त करा. शहाळी घेऊन येतात, जिव्हाळ्यानं येतात, आणि दीड तास बसतात. समोर माणूस बसलेला असताना आपण पडून कसं राहायचं म्हणून आपणही उठून बसतो. पहिल्या आठवड्यात माझी कंबर दुखली ती यानं. मग बायकोनं युक्ती काढली: वीस मिनिटं झाली की, "यांची चालायची वेळ झाली." मी उठायचो, पाहुणेही उठायचे.

टाके साधारण दहा ते चौदा दिवसांत काढतात. तोपर्यंत आणि नंतरही हे झालं तर लगेच फोन: थंडी वाजून ताप, जखमेतून पू किंवा पाण्यासारखा स्राव, उठून बसलं की ठणकणारं आणि झोपलं की थांबणारं डोकं, पायात नव्यानं आलेला अशक्तपणा, लघवी अडणं. एका पोटरीला सूज येऊन ती दुखायला लागली तर चोळत बसू नका, रक्ताची गुठळी असू शकते. धाप लागली तर १०८.

परत कामावर

पहिला आठवडा अर्धा दिवस मागून घ्या. मी बुधवारी सुरू केलं, म्हणजे चार दिवसांनी रविवार. खुर्चीत कमरेच्या पोकळीत टॉवेल गुंडाळून ठेवला. टॉवेलला तोटा नाही आमच्याकडं, मालकांनी निर्यातीच्या लॉटमधला नाकारलेला एक दिला, जाड आणि घट्ट विणीचा. अर्ध्या तासाला मोबाईलचा गजर लावून उठायचो आणि वार्पिंगच्या खात्यापर्यंत चालून यायचो. लोकांना वाटलं साहेब आता खात्यात लक्ष घालायला लागले.

दुचाकी डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नको, आणि मागं एका बाजूला पाय टाकून बसणं तर त्याहून नको. खड्डा आणि स्पीडब्रेकर चालवणाऱ्याला आधी दिसतो, मागच्याला नाही. मी महिनाभर रिक्षानं गेलो. एकच रिक्षावाला ठरवला, त्याला पहिल्या दिवशी सांगितलं, "मामा, पैसे दहा जास्त घ्या, पण हळू." ओळखीची शेअर रिक्षा स्वस्त पडते, पण तिच्यात चौथा माणूस चढला की पाठीला पीळ बसतोच.

रुजू होताना डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं. त्यावर नुसतं "फिट" लिहून घेऊ नका. "पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये, सलग बसू नये, अमुक तारखेपर्यंत" असं लिहून मागा. ईएसआयवाल्यांनी शेवटचं सर्टिफिकेट घेऊनच रुजू व्हावं. एकाच तारखेला कारखान्यात हजेरी आणि आजारपणाचा लाभ, दोन्ही लागले तर पैसे परत करावे लागतात. सर्टिफिकेटची झेरॉक्स ऑफिसला आणि मूळ कागद आपल्याकडं.

आमचा जॉबर गेल्या महिन्यात रुजू झाला. त्याच्या सर्टिफिकेटवर "तीन महिने बीम उचलू नये" असं स्पष्ट लिहिलंय, आणि त्यानं त्याची झेरॉक्स लॅमिनेशन करून मागाजवळच्या खांबाला चिकटवलीय.